गोबो कोणता, शंकेश्वर कोणतं : उपटण्याआधी आणि खाण्याआधी

पुण्यात जपानी शिकणारे खूप, चाकण-रांजणगावच्या जपानी कंपन्यांत काम करणारेही खूप. तिकडे राहून आलेल्या माणसाला गोबोची चव लागली की ती सुटत नाही, आणि इथल्या भाजीबाजारात तो सहसा दिसत नाही. मग बी मागवून गच्चीत लावून पाहणं ओघानंच येतं. गोबो म्हणजे बर्डॉक या झाडाचं मूळ. शेवग्याच्या शेंगेसारखं लांब आणि बारीक, वरून तपकिरी, आतून पांढरं, चवीला मातकट-गोडसर. हे लावणाऱ्याला शेजारीपाजारी विचारतात, "हे आपल्या नदीकाठचं शंकेश्वरच ना?" आणि त्यापाठोपाठ, "मग तेच उपटून आणलं तर?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं, चुकूनही नको. शंकेश्वराचं बी आणि नुकतं उगवलेलं रोप विषारी असतं, माणूस दगावेल इतकं. शिवाय हा गोंधळ फक्त रानात होतो असंही नाही. गोबोला जी भुसभुशीत माती लागते, तिच्यातूनच शंकेश्वर तुमच्या ड्रममध्ये येऊ शकतं आणि दोन्ही रोपं एकाच आठवड्यात शेजारीशेजारी डोकं वर काढू शकतात. म्हणून लागवडीच्या आधी ओळख सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

नातं आहे, पण लांबचं

दोन्ही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली. दोघांची पानं मोठी, देठाकडे हृदयाच्या आकाराची. दोघांना आकड्यांची बोंडं येतात आणि ती कपड्याला, जनावराच्या केसांना चिकटून दूर जातात. सारखेपणा एवढ्यावर संपतो. कुळ मोठं आहे आणि त्यात ही दोघं वेगवेगळ्या शाखांवर बसलेली आहेत. बर्डॉक, म्हणजे शास्त्रीय भाषेत आर्क्टियम लाप्पा, हे करडईच्या गोतातलं. शंकेश्वर, म्हणजे झँथियम स्ट्रुमॅरियम, हे सूर्यफुलाच्या बाजूचं आणि त्यातही गाजरगवताचं जवळचं भावंड. गाजरगवताची भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, हे इथल्या बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. त्याचा नातेवाईकही इथं तितकाच रुळला आहे. मुळा-मुठेच्या काठाला, मोकळ्या प्लॉटवर, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात तो हमखास दिसतो. काही भागांत त्याला लांडगा म्हणतात, काही ठिकाणी गोखरूही म्हणतात. पण औषधाचं गोखरू म्हणजे जमिनीलगत पसरणारा, पिवळ्या फुलांचा सराटा. तो या दोघांपेक्षा वेगळा तिसराच आहे, त्याला इथं बाजूला ठेवू.

बर्डॉक मात्र पुण्याच्या आसपास रानात उगवत नाही. भारतात ते काश्मीर-हिमाचलकडच्या थंड, उंच भागात आढळतं. त्यामुळे पहिला नियम सोपा आहे. पुणे जिल्ह्यात रस्त्याकडेला, नदीकाठी, शेताच्या बांधावर आपोआप उगवलेलं आणि आकड्यांची बोंडं लागलेलं झाड दिसलं, तर ते गोबो नाही.

बी हातात घेऊन पाहा

ओळख पटवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे बियांचं पाकीट. गोबोचं बी सुटं असतं. पाच ते सात मिलिमीटर लांब, चपटं, किंचित वाकलेलं, करडं-तपकिरी, त्यावर गडद ठिपके. हाताला ते गुळगुळीत लागतं. त्याचं बोंड गोल असतं आणि आत अशा बिया भरलेल्या असतात. विकताना बोंड फोडून बी वेगळं केलेलं असतं. कुणी तुम्हाला काटेरी बोंडंच "बर्डॉकचं बी" म्हणून दिली, तर ती पेरू नका.

शंकेश्वराचं बोंड लांबट असतं, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, टोकाला दोन चोची. ते कधीच आपणहून उघडत नाही. त्याच्या आत दोन कप्पे आणि दोनच बिया. यातली थोरली बी आधी उगवते, धाकटी मागे राहते आणि बऱ्याचदा पुढच्या हंगामापर्यंत झोपून असते. हे लक्षात ठेवा, कारण एकदा उपटून टाकलं म्हणजे त्या बोंडाचं काम संपलं असं होत नाही.

सिंहगडावरून उतरताना सलवारीला चिकटलेली बोंडं काढत लोक व्हेल्क्रोची, म्हणजे बोंडाच्या आकड्यांवरून सुचलेल्या चिकटपट्टीची, गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे, बोंड मात्र दुसरं. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना १९४१ साली चिकटली होती ती बर्डॉकची बोंडं. बर्डॉकच्या फुलाला गोल गेंद असतो, वरून जांभळे केसर डोकावतात, करडईच्या घडणीचं ते फूल असतं. शंकेश्वराचं फूल फूल म्हणून लक्षातही येत नाही, हिरवट पुंजके तेवढे दिसतात.

पहिले पंधरा दिवस

खरा धोका इथं आहे.

शंकेश्वराच्या बीमध्ये आणि बीदलांत, म्हणजे उगवताना निघणाऱ्या पहिल्या दोन पानांत, कार्बोक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचं द्रव्य असतं. पेशीमध्ये ऊर्जा तयार होते तिथं, मायटोकाँड्रियाच्या पडद्यावर, ऊर्जेची ने-आण करणारं एक प्रथिन असतं. हे द्रव्य तेच प्रथिन अडवून धरतं. यकृताला सगळ्यात आधी झळ बसते, रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, उलट्या होतात, शुद्ध हरपू लागते. रोप वाढून खरी पानं फुटू लागली की विषाचं प्रमाण घटत जातं. म्हणजे ज्या वयात रोप सगळ्यात कोवळं आणि भाजीसारखं दिसतं, त्याच वयात ते सगळ्यात घातक असतं. डुकरं आणि वासरं अशी रोपं खाऊन मरतात, हे पशुवैद्यांना जुनं माहीत आहे. माणसांच्या बाबतीतलं उदाहरण फार दुःखद आहे. २००७ साली बांगलादेशात सिल्हेट भागात पुरानं पिकं गेली, धान्य महागलं, आणि लोकांनी पोट भरायला शंकेश्वराची कोवळी रोपं भाजी म्हणून जास्त प्रमाणात खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ दगावले. ही माणसं वनस्पती न ओळखणारी नव्हती. त्यांच्याकडे ती पालेभाजी म्हणून ओळखीचीच होती.

आता गोबोकडे या. जपानमध्ये गोबोची कोवळी पानं आणि देठही खातात. ओसाकाजवळच्या याओ भागात पानांसकट कोवळा गोबो ही वसंतातली आवडती भाजी आहे. हे वाचून कुणी विरळणी करताना, म्हणजे दाट उगवलेली रोपं कमी करताना, उपटलेली रोपं कढईत टाकायचं ठरवलं आणि त्यात एखाददुसरं शंकेश्वर असलं, तर काय होईल याचा विचार करा. माझं म्हणणं स्पष्ट आहे. घरच्या बागेत विरळणीची रोपं खाऊ नका, ती सगळी खताच्या ढिगात जाऊ द्या. पानं खायचीच असतील, तर झाड पूर्ण वाढल्यावर, ओळखीबद्दल तिळमात्र शंका नसताना कोवळं पान तोडा.

रोपं ओळखायची ती अशी. शंकेश्वराची पहिली दोन दलं लांब, अरुंद, जाडसर आणि चकचकीत असतात, तीन-चार सेंटिमीटर सहज भरतात, आणि जमिनीलगतच्या दांड्यावर जांभळट झाक असते. रोप अलगद मुळासकट काढलं तर खाली काटेरी बोंडाचं टरफल बऱ्याचदा अडकलेलं सापडतं. ते दिसलं की पुढे काही तपासायला नको. गोबोची दलं रुंद, लंबगोल, देठाकडे निमुळती असतात. त्यानंतर येणारं खरं पान पाहिलं की उरलासुरला संशय फिटतो. गोबोच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लवदार असते, बोट फिरवलं तर मऊ लागते. शंकेश्वराचं पान दोन्ही बाजूंनी खरखरीत, कडा दातेरी, आणि बुंध्याशी तीन ठळक शिरा फाकलेल्या. ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे त्यांनी ही चाचणी हातमोजे घालून करावी. कुळ एकच असल्यानं दोन्ही झाडं त्रास देऊ शकतात.

महिनाभरानं तर लांबूनही फरक कळतो. गोबो पहिल्या वर्षी खोड धरतच नाही. लांब देठांची पानं जमिनीतूनच चहूबाजूंनी निघतात आणि पसरत जातात. शंकेश्वर सरळ उभं वाढतं, त्याच्या खोडावर जांभळे-काळपट ठिपके असतात, पानं खोडावर एकाआड एक लागतात.

फुलण्याचं घड्याळ

या दोघांमधला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा फरक डोळ्यांना लगेच दिसत नाही. शंकेश्वर हे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांतलं नामांकित झाड आहे. १९३८ साली अमेरिकेत कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी त्याच्यावर प्रयोग करून दाखवलं, की झाड फुलायचं कधी ते दिवसाच्या लांबीवरून ठरवत नाही, अखंड अंधाराच्या लांबीवरून ठरवतं. साधारण साडेआठ तासांपेक्षा लांब अशी एक रात्र मिळाली तरी त्याला पुरे. तीच रात्र मध्येच थोड्या वेळच्या उजेडानं तोडली, तर फुलणं थांबतं. पुण्यात जूनमधली सगळ्यात लहान रात्रसुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडे शंकेश्वराला फुलायला कुठलीच रात्र अपुरी पडत नाही. पावसाच्या सुरुवातीला उगवलेलं झाड पावसाळा सरेपर्यंत बोंडांनी लगडलेलं असतं आणि वर्षभरात सगळा संसार आटोपतं.

बर्डॉकचा हिशोब दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी पानं वाढवायची आणि मुळात साठा करायचा, मग लांबलचक कडक हिवाळा सोसायचा, आणि दुसऱ्या वर्षी तो साठा खर्चून फुलायचं. पुण्याचा गारठा त्या मानानं फार सौम्य. आपल्या दृष्टीनं हे चांगलंच आहे, कारण फुलोरा आला की मूळ लाकडासारखं टणक होतं आणि खायच्या कामाचं राहत नाही. इथं पहिल्याच हंगामात काढायचं असल्यानं गोबोचं फूल किंवा बोंड तुम्हाला दिसणारच नाही. तुमच्या ड्रममधल्या झाडाला चार महिन्यांत आकड्यांची बोंडं लागली, तर तुम्ही इतके दिवस शंकेश्वराला पाणी घालत होता.

माती, ड्रम आणि हंगाम

जपानमधल्या लांब गोबोच्या बहुतेक वाणांचं मूळ ताकिनोगावा या गावाशी जोडलं जातं. आज तो भाग तोक्यो शहरात आहे. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, खोल आणि मोकळी. आपलं पठारही ज्वालामुखीतूनच घडलेलं, पण राखेतून नाही, लाव्हाच्या थरांतून. वर फूट-दोन फूट काळी चिकण माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. पाऊण ते एक मीटर सरळ खाली जाऊ पाहणारं मूळ इथं मुरमाला अडतं, वळतं, फाटे फोडतं. काळी माती वाळली की आवळते आणि गोबो काढताना तुटून निम्मा आतच राहतो. पुण्यात जमिनीत गोबो लावायचा तर तीन फूट चर खोदून तो नव्या मातीनं भरावा लागतो. बंगल्याच्या बागेत ते करता येईल. बाकीच्यांसाठी ड्रम.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम जवळजवळ तीन फूट उंच असतो, तेवढी खोली पुरते. तळाला भोकं पाडा आणि ड्रमच्या एका बाजूला उभी चीर देऊन ती तारेनं बांधून टाका. काढणीच्या वेळी तार सोडली की ड्रम उघडतो आणि मूळ न मोडता हाती येतं. ओल्या मातीनं भरलेला असा ड्रम पाव टनाच्या आसपास किंवा त्याहून जड होतो, म्हणून गच्चीवर तो स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. खालचा खांब किंवा तुळई जिथं आहे तिथंच ठेवा, आणि जुनी इमारत असेल तर आधी जाणकाराला विचारा. वजनाची धास्ती वाटत असेल तर आखूड मुळांचं वाण घ्या, त्याला दीड फुटी पिशवी पुरते.

भरायला हलकी माती हवी. पोयटा, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत चालेल. ताजं शेणखत नको, त्यानं मुळाला फाटे फुटतात. खडे चाळून काढा. आणि पोयटा कुठून आला ते नक्की विचारा. नदीकाठच्या गाळाची माती गोबोसाठी उत्तम, पण शंकेश्वराची बोंडं पाण्यावर तरंगत जाऊन नेमकी त्याच गाळात रुततात. मी तर म्हणेन, असा पोयटा आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढाच. बोंड मोठं असतं, चाळणीत अडकतं. मग भरलेल्या ड्रमला पाणी घालून पंधरा दिवस तसाच ठेवा, जे काय उगवायचं ते उगवू द्या, उपटा, आणि मग गोबो पेरा.

पेरणी नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान. पाऊस थांबलेला असतो, माती अजून उबदार असते आणि पुढे थंडीचे महिने मिळतात. भर पावसाळ्यात पेरलं तर साचलेल्या पाण्यानं मूळ कुजायची भीती, आणि मार्चनंतरचं ऊन या थंड हवेच्या पिकाला मानवत नाही. बी रात्रभर भिजवा. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून खोल पुरू नका, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा आणि पृष्ठभाग सुकू देऊ नका. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. बी एका ओळीत, ठरावीक अंतरावर टाका. ओळीबाहेर उगवलेलं प्रत्येक रोप परकं समजून काढून टाकता येतं, आणि ही साधी शिस्त ओळखीचं निम्मं काम करते. शेवटी दोन रोपांत चार ते सहा इंच अंतर ठेवा. एका ड्रमात सात-आठ रोपं पुष्कळ झाली.

पुढची देखभाल फारशी नाही. पानांवर मावा आणि कोरड्या थंडीत भुरी येते, कडुनिंबाच्या तेलाची फवारणी वेळेवर केली तर आटोक्यात राहते. मोठी अडचण मुळांवरच्या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची. भेंडी, वांगी, टोमॅटो यांत वापरलेली जुनी माती इथं आणू नका आणि भरतानाच निंबोळी पेंड मिसळा. पाणी बेताचं पण खोलवर जाईल असं द्या. रोज वरवर शिंपडलं तर मुळाला खाली जायचं कारणच उरत नाही.

लवकर येणारे वाण साधारण शंभर-एकशेवीस दिवसांत तयार होतात, ताकिनोगावासारखे लांब वाण चार-पाच महिने घेतात. अंगठ्याएवढं जाड झालं की काढा. मोठं होऊ द्यावं म्हणून ठेवलं तर मधला गाभा पोकळ आणि भुसभुशीत होतो. शंकेश्वराचं मूळ कधी उपटून पाहिलंत तर ते आखूड, लाकडासारखं आणि बाजूच्या मुळ्यांनी भरलेलं दिसेल. गोबोचं मांसल, लांब, कापल्याबरोबर पांढऱ्याचं तपकिरी होणारं.

हा तपकिरीपणा थांबवायला चिरलेले तुकडे थोडं व्हिनेगर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतात. जास्त वेळ ठेवलं तर चवच पाण्यात उतरते. साल सोलून टाकू नका, सुरीच्या पाठीनं खरवडा, कारण खरा वास सालीलगत असतो. जपानी घरात याचे काड्यांसारखे तुकडे तिळाच्या तेलात परतून सोया सॉस आणि साखर घालतात, त्याला किनपिरा म्हणतात. आपल्याकडे काचऱ्या करतो तशा पातळ चकत्या मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून वरून तीळकूट घातलं तर गोबोला ते छान शोभतं. पहिल्यांदा खाताना थोडंच खा. यात इन्युलिन नावाचा तंतू भरपूर असतो आणि सवय नसलेल्या पोटाला तो फुगवतो. शेवंती किंवा गाजरगवतानं ज्यांच्या अंगावर चट्टे उठतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच चव घ्यावी.

कुठल्याही टप्प्यावर झाडाबद्दल शंका आली तर न खाता ते एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवा. पुण्यात हे अवघड नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था इथंच आहेत, महाविद्यालयांतही जाणकार प्राध्यापक आहेत. आणि कुणी चुकून शंकेश्वराचं रोप किंवा बी खाल्लंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. या विषावर नेमका उतारा नाही, उपचार लवकर सुरू होण्यावरच सगळं अवलंबून असतं. रुग्णालयात जाताना ते झाड पिशवीत घालून सोबत न्या.

काढणीनंतर त्याच मातीत लगेच पुन्हा गोबो पेरू नका. एकाच जागी सलग घेतल्यास पीक खराब येतं, तीन-चार वर्षांचं अंतर ठेवणं बरं. ती माती मेथी-पालकाला वापरायची असेल, तर पहिल्या पावसात तिच्यातून काय उगवतं ते आधी पाहा. बोंडातली धाकटी बी तेव्हा जागी होते, आणि पालेभाजीच्या वाफ्यात तिचं रोप सहज लपतं.